गोठ्यातल्या चाऱ्याचा हिशेब: गाय किती खाते, किती देते आणि लिटरमागे काय उरतं

दुधाचा दर दोन रुपयांनी उतरला की बहुतेक गोठ्यांत पहिली कात्री गोळी पेंडीला लागते. गायीमागे किलोभर पेंड कमी केली की दुकानाचं बिल लगेच हलकं होतं. आठवड्याभरात दूध उतरतं, दोन महिन्यांनी गाय माजावर येत नाही आणि सगळा दोष दराच्या माथी जातो. दर चढला की याच्या उलट होतं. पेंड दोन किलोने वाढते आणि दूध कसंबसं अर्धा लिटर वाढतं. दोन्ही वेळी चूक एकच असते. कमी-जास्त करण्याआधी काहीही मोजलेलं नसतं.

इथे दिलेली पद्धत पाच ते वीस संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी असलेल्या आणि संकलन केंद्राला दूध घालणाऱ्या गोठ्यासाठी आहे. संगमनेर-राहुरीपासून बारामती, फलटण, माळशिरसपर्यंत बहुतेक गोठे याच आकाराचे आहेत. उदाहरणातले दर हिशेब समजण्यापुरते आहेत. तिथे तुमचे दर घाला. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका. पुढचा प्रत्येक आकडा मागच्या आकड्यावर उभा आहे.

## तयारी: मोजणीच्या आधीचे दोन दिवस

वस्तू फार लागत नाहीत. पन्नास किलोपर्यंतचा लटकता डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, शिंप्याचा टेप, दोन पाट्या आणि एक वही. मोठा काटा आधी तपासून घ्या. रिकामी बादली लटकवून काटा शून्यावर आणा आणि तिच्यात मापाने दहा लिटर पाणी घाला. काट्यावर दहा किलो दिसले पाहिजेत. पाव किलोचा फरक दिसला तरी काटा दुरुस्त करा किंवा बदला.

वहीत प्रत्येक गायीचं एक पान करा. कितवं वेत, व्यालेली तारीख, गाभण असेल तर किती महिने आणि अंदाजे वजन एवढं त्यावर हवं. वजनासाठी पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. लांबी खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत घ्या. दोन्ही मापं इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोतलं वजन. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच असेल तर वजन साधारण ४४५ किलो येतं. गाय सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी असतानाच मापा.

मोजणी सलग तीन दिवस करायची. चारा बदलून पंधरा दिवस झाले नसतील, लसीकरण किंवा जंतनाशक नुकतंच झालं असेल, गाय माजावर असेल किंवा कुट्टी पावसात भिजली असेल, तर ते दिवस सोडा.

गव्हाणीत रोज जे माणूस चारा टाकतं ते या हिशेबात असलंच पाहिजे. अनेक घरांत चारा-पाणी बाईच्या हातात असतं आणि दुधाच्या पगाराची पावती पुरुषाच्या खिशात. कोणती गाय काय शिल्लक टाकते हे तिला माहीत, फॅट किती लागली हे त्याला माहीत. दोन्ही गोष्टी एका वहीत आल्याशिवाय हिशेब उभा राहत नाही.

## टप्पा १: गायींची विभागणी

सगळ्या गोठ्याची एकच सरासरी काढू नका. व्याल्यापासून १०० दिवसांपर्यंतच्या गायी एका गटात, १०० ते २०० दिवसांच्या दुसऱ्या, त्यापुढच्या तिसऱ्या गटात घ्या. भाकड गायी आणि कालवडी वेगळ्या ठेवा, त्या शेवटच्या टप्प्यात येतील. पहिल्या वेताच्या गायीपुढे खूण करा. ती अजून स्वतः वाढत असते, त्यामुळे खाल्लेल्यातला काही भाग दुधात दिसत नाही.

मुक्त गोठ्यात एकेका गायीचं खाणं मोजता येत नाही. तिथे पूर्ण गटाचा चारा मोजा आणि गायींच्या संख्येने भागा. दावणीच्या गोठ्यात प्रत्येक गटातून दोन गायी निवडा आणि त्यांच्या गव्हाणींमध्ये आडवी फळी लावा. नाहीतर शेजारची गाय तोंड मारते आणि आकडे बिघडतात.

## टप्पा २: टाकलेला चारा वजनावर घ्या

पाटी, भारा, पेंढी आणि पेंडीचा मग ही मापं तीन दिवस बाजूला ठेवा. तीच पाटी हत्ती गवताच्या ओल्या कुट्टीने भरली आणि कडबा कुट्टीने भरली तर वजनात दुपटीहून जास्त फरक पडतो. ज्या मगाने गोळी पेंड एक किलो येते, त्याच मगाने गहू भुसा निम्म्याच्या आसपास येतो. पेंडीचा हिशेब बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हा मगच असतो.

चौथ्या-पाचव्या महिन्यातली, ४५० किलो वजनाची, दिवसाला १५ लिटर देणारी एक गाय उदाहरणाला घेऊ. तिला रोज मिळतं ते असं:

- मका मुरघास (हवाबंद आंबवलेली मक्याची कुट्टी) १५ किलो
- हत्ती गवत (फुले जयवंत) १२ किलो
- लसूणघास ५ किलो
- ज्वारीचा कडबा २ किलो
- गोळी पेंड ५ किलो
- सरकी पेंड १ किलो
- खनिज मिश्रण ६० ग्रॅम

बेरीज चाळीस किलोंची झाली. हा आकडा पुढे कुठेही वापरायचा नाही, कारण त्यातला निम्म्याहून जास्त भाग पाणी आहे.

## टप्पा ३: शुष्क पदार्थ काढा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. गायीचं पोट भरतं, दूध बनतं आणि आपले पैसे खर्च होतात ते पाणी वजा जाता उरलेल्या भागावर, म्हणजेच शुष्क पदार्थावर. मुरघास सहा रुपये किलो आणि कडबा दहा रुपये किलो म्हटलं की मुरघास स्वस्त वाटतो. कोरड्या वजनावर नेलं की चित्र उलटं होतं.

अंदाजासाठी शंभर किलोमागे शुष्क पदार्थ असा धरा: हत्ती गवत १८ ते २०, लसूणघास १८ ते २०, हिरवा मका २० ते २५, उसाचे वाढे २५ ते ३०, चांगला मुरघास ३० ते ३५, कडबा आणि गव्हाचं काड साधारण ९०, गोळी पेंड आणि सरकी पेंडही ९० च्या आसपास.

मुरघास आणि हिरव्या चाऱ्याचा आकडा मात्र पुस्तकातून घेऊ नका, घरी काढा. गव्हाणीच्या पाच-सहा ठिकाणांहून मूठ-मूठ घेऊन मिसळा आणि त्यातले बरोबर १०० ग्रॅम काट्यावर घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर काचेच्या ताटलीत पसरा. कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ठेवा, म्हणजे चारा पेटणार नाही. आधी दोन मिनिटं चालवा, मग हलवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वजन बघत राहा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. ३० ग्रॅम उरले तर शुष्क पदार्थ ३० टक्के. चारा करपला तर तो नमुना टाकून द्या.

मायक्रोवेव्ह नसेल तर एक किलो नमुना कापडावर पसरून कडक उन्हात तीन-चार दिवस, कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. उन्हात वाळलेल्या चाऱ्यातही दहा-बारा टक्के ओल राहतेच, म्हणून आलेल्या वजनाला ०.९ ने गुणा.

सावधान: मुरघासाची मूठ घट्ट दाबल्यावर बोटांतून पाणी गळत असेल, तर त्यात शुष्क पदार्थ बहुधा २५ टक्क्यांच्या खाली आहे. असा मुरघास टनावर विकत घेतला तर पाण्याचे पैसे जातात. २४ टक्क्यांच्या एका टनात २४० किलो कोरडा चारा असतो आणि ३२ टक्क्यांच्या टनात ३२० किलो. दर एकच असला तरी हातात ८० किलो कमी पडतात.

उदाहरणातल्या गायीचा हिशेब असा. मुरघास ३० टक्क्यांनी ४.५ किलो, हत्ती गवत १८ टक्क्यांनी २.१६, घास २० टक्क्यांनी १, कडबा १.८, गोळी पेंड ४.५, सरकी ०.९. एकूण १४.८६ किलो शुष्क पदार्थ.

तपासणी: दुधातल्या संकरित गायीला वजनाच्या साधारण ३ ते ३.५ टक्के शुष्क पदार्थ लागतो. ४५० किलोला १३.५ ते १५.७५ किलो. आपला आकडा त्यात बसतो. तुमचा आकडा २.५ टक्क्यांच्या खाली किंवा ४ च्या वर आला, तर गायीला दोष देण्याआधी काटा आणि नमुना पुन्हा तपासा.

## टप्पा ४: गव्हाणीत उरलेलं वजा करा

दुसऱ्या दिवशी सकाळचा चारा टाकण्याआधी उरलेला चारा गोळा करून वजन करा. त्याचीही शंभर ग्रॅमची चाचणी करा, कारण उरतात ते बहुतेक जाड देठ आणि बुडखे. त्यांची ओल मूळ चाऱ्यासारखी नसते. आपल्या गायीने दीड किलो टाकलं आणि त्यात ४० टक्के शुष्क पदार्थ निघाला, म्हणजे ०.६ किलो. खाल्लेला शुष्क पदार्थ झाला १४.२६ किलो.

गव्हाण रोज चाटूनपुसून साफ दिसली की चारा वाया गेला नाही म्हणून बरं वाटतं. पण दुधातल्या गायीसमोर काहीच उरत नसेल, तर तिने आणखी किती खाल्लं असतं हे कळायला मार्ग राहत नाही. तीन ते पाच टक्के उरू द्या. दहा टक्क्यांच्या वर उरत असेल तर कुट्टी जाड आहे, मुरघास बिघडला आहे किंवा गव्हाण नीट धुतली जात नाही. या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी बघा. पाणी चोवीस तास समोर आहे ना, हेही बघा. दिवसातून दोनदा पाणी पाजणाऱ्या गोठ्यात चाऱ्याचा कुठलाही हिशेब खरा ठरत नाही.

## टप्पा ५: दूध मोजा, तेही सगळं

केंद्राच्या पावतीवरचं दूध म्हणजे गायीने दिलेलं दूध नव्हे. घरी ठेवलेलं, वासराला पाजलेलं आणि शेजारी दिलेलं असं सगळं त्यात मिळवा. दोन लिटर घरात आणि तीन लिटर वासराला जात असेल, तर लहान गोठ्यात तेवढ्यानेच लिटरमागचा खर्च दोन-तीन रुपयांनी फुगतो आणि गाय परवडत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सकाळ-संध्याकाळची फॅट वेगळी लागते. सरासरी काढताना लिटर धरूनच काढा. सकाळी ८ लिटर ३.५ ची आणि संध्याकाळी ७ लिटर ३.९ ची असेल, तर २८ अधिक २७.३, भागिले १५, म्हणजे ३.७.

कमी फॅटचं जास्त दूध आणि जास्त फॅटचं कमी दूध यांची थेट तुलना होत नाही. म्हणून सगळं दूध चार टक्के फॅटच्या मापावर आणायचं. सूत्र सोपं आहे. फॅटला ०.१५ ने गुणा, त्यात ०.४ मिळवा आणि येणाऱ्या आकड्याने दुधाच्या किलोंना गुणा. लिटरचे किलो करायला १.०३ ने गुणायचं. आपलं १५ लिटर म्हणजे १५.४५ किलो. ३.७ गुणिले ०.१५ म्हणजे ०.५५५, अधिक ०.४, म्हणजे ०.९५५. चार टक्क्यांच्या मापाचं दूध झालं १४.७५ किलो.

केंद्रावर एकत्रित दुधाचीच फॅट लागते, त्यामुळे एका गायीचा नमुना वेगळा तपासून मिळतो का ते विचारा. मिळत नसेल तर सगळ्या गायींना गोठ्याची फॅट लावा. पण दोन गायींची तुलना करताना ती फॅट उसनी आहे हे लक्षात ठेवा.

## टप्पा ६: दर खरे लावा

गोळी पेंडीचा दर पोत्यावरून काढताना वाहतूक आणि हमाली मिळवा. ५० किलोंचं पोतं गोठ्यात १,७०० रुपयांना पडलं तर किलोला ३४.

घरच्या चाऱ्याला शून्य रुपये लावणं ही दुसरी मोठी चूक. त्या रानात दुसरं पीक आलं असतं, शिवाय पाणी, खत, कापणी, कुट्टीची वीज आणि मजुरी लागलेलीच आहे. गावात चारा विकला जात असेल तर बाजारभाव धरा, नाहीतर उत्पादन खर्च. एक पद्धत धरली की वर्षभर तीच ठेवा.

मुरघासाचा खर्च भरलेल्या वजनाने भागू नका, गव्हाणीत पोचलेल्या वजनाने भागा. दहा टन भरायला मका, कापणी, कुट्टी, बॅग आणि मजुरी धरून ५२,८०० रुपये गेले, तर किलो ५ रुपये २८ पैशांना पडला असं वाटतं. आंबताना होणारी घट, वरचा खराब थर आणि बुरशीचे गोळे मिळून १२ टक्के गेले की हातात ८.८ टन राहतात आणि किलो ६ रुपयांना पडतो. दहा-पंधरा टक्के घट चांगल्या मुरघासातही होते. बॅग फाटली किंवा नीट दाबली गेली नाही तर ती याहून बरीच जास्त होते.

आता प्रत्येक वस्तूचा दर तिच्या शुष्क पदार्थाने भागा. कडबा १० रुपये, म्हणजे कोरडा किलो ११ रुपये. हत्ती गवत अडीच रुपये, कोरडा किलो १४. मुरघास ६ रुपये, कोरडा किलो २०. घास ५ रुपये, कोरडा किलो २५. गोळी पेंड ३४ रुपये, कोरडा किलो जवळजवळ ३८. सरकी पेंड ३८ रुपये, कोरडा किलो ४२.

कडबा सर्वांत स्वस्त दिसला म्हणून तोच वाढवायचा, असं मात्र करू नका. त्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात आणि पोट लवकर भरतं. प्रथिनांचा दर वेगळा काढा. सरकी पेंडीत साधारण २२ टक्के प्रथिनं धरली तर प्रथिनांचा किलो १७३ रुपयांना पडतो. ४५ रुपये किलोच्या सोया पेंडीत ४५ टक्के धरली तर १०० रुपयांना. लसूणघास या दोन्हींच्या मधे, १३० च्या आसपास येतो, आणि तो आपल्याच रानात येतो. सरकीतून तेल आणि ऊर्जाही मिळते, त्यामुळे ती लगेच बंद करण्याचं कारण नाही. पण केवळ सवयीने चालू असेल तर हा आकडा समोर ठेवून विचार करा. गाळप हंगामात स्वस्त मिळणाऱ्या वाढ्यांचंही तसंच. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि प्रथिनं कमी असतात, म्हणून वाढे मुख्य चारा म्हणून दिले तर वाचलेले पैसे दुसऱ्या वाटेने जातात.

दुधाचा दरही खरा लावा. गायीच्या दुधाचा जाहीर दर ठरावीक फॅट आणि एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) असतो, बरीच वर्षं ३.५ आणि ८.५ ला. तुम्हाला प्रत्यक्ष पडलेला दर म्हणजे एकूण बिल भागिले एकूण लिटर. दूध संघाकडून उधार घेतलेली पेंड दुधाच्या पगारातून कापली जाते. ती कपात होण्याआधीची रक्कम घ्या, नाहीतर पेंडीचा खर्च दोनदा वजा होतो. अनुदान वेगळ्या रकान्यात लिहा. २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे ५ रुपये दिले तेव्हा ते दरात मिसळून अनेकांनी पेंड वाढवली. अनुदान थांबलं की तो हिशेब कोसळतो.

## टप्पा ७: तीन आकडे काढा

आपल्या गायीचा दिवसाचा खर्च: मुरघास ९०, हत्ती गवत ३०, घास २५, कडबा २०, गोळी पेंड १७०, सरकी ३८, खनिज मिश्रण ७. एकूण ३८० रुपये. खर्च टाकलेल्या चाऱ्यावर धरायचा, कारण उरलेल्याचेही पैसे गेलेले आहेत.

चारा-कार्यक्षमता, म्हणजे खाल्लेल्या एक किलो शुष्क पदार्थामागे किती किलो दूध: १४.७५ किलो दूध भागिले १४.२६ किलो शुष्क पदार्थ, म्हणजे १.०३.

लिटरमागे चाऱ्याचा खर्च: ३८० भागिले १५, म्हणजे २५ रुपये ३३ पैसे.

चारा वजा जाता उरलेली रक्कम: ३४ रुपये दराने ५१० वजा ३८०, म्हणजे गायीमागे रोज १३० रुपये.

या तिघांत निर्णय तिसऱ्या आकड्यावर घ्यायचा. लिटरमागचा खर्च कमी करणं सोपं आहे. पेंड तोडली की तो काही दिवस खाली येतो. पण मजुरी, औषध, कर्जाचा हप्ता आणि घरखर्च भागतो तो गायीमागे उरलेल्या रुपयांतून.

## टप्पा ८: आकडे वाचा, गायीकडे बघून

४५० किलोच्या गायीला नुसतं जगायला साधारण साडेपाच किलो शुष्क पदार्थ लागतो. ती आठ लिटर देवो की वीस, हा भाग ठरलेला. त्यावर प्रत्येक लिटरला अंदाजे अर्धा किलो. म्हणून आठ लिटरच्या गायीची कार्यक्षमता ०.८ ते ०.९ येते आणि वीस लिटरच्या गायीची १.३ च्या आसपास. परदेशी होल्स्टीन गायींसाठी १.४ ते १.६ चं लक्ष्य सांगतात, ते आपल्या १२-१५ लिटरच्या संकरित गायीला लावून निराश होऊ नका. १०० ते २०० दिवसांच्या गटात १.० ते १.३ हे आपल्याकडचं वाजवी अंतर. १.० च्या खाली असेल तर शोध घ्या.

१०० दिवसांच्या आतल्या गायीचा आकडा १.६ च्या वर गेला तर खूश होऊ नका. ती अंगावरची चरबी मोडून दूध देत आहे आणि ते दूध चाऱ्याच्या हिशेबात दिसत नाही. तिच्या कमरेवरून हात फिरवा, शेपटीच्या मुळाजवळचा खळगा बघा. अंगावरची चरबी एक ते पाच गुणांत मोजतात; त्या पद्धतीत व्याल्यानंतर अर्धा गुण उतरणं चालतं. एक गुणापेक्षा जास्त उतरली तर माज लांबतो, आणि तो खर्च या महिन्याच्या वहीत येत नाही. अशा गायीची पेंड कमी करण्याचा विचारही नको.

२०० दिवसांच्या पुढची गाय उलट चित्र दाखवते. आकडा ०.९, गाय गोलमटोल. पेंड अंगावर चढते आहे. पेंड कमी करायची असेल तर सुरुवात या गटापासून करा.

कार्यक्षमता कमी आणि गायही बारीक, असं दिसलं तर चारा पचत नाही किंवा दुसरीकडे खर्ची पडतो. जंत, खूर, सुप्त कासदाह (बाहेरून न दिसणारी कासेची सूज) आणि ऊन या क्रमाने तपासा. शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसतात का बघा. दिसले तर भरडा जाड आहे किंवा मुरघास करताना दाणे फुटलेले नाहीत. फॅट तीनच्या खाली, शेण पातळ आणि निवांत बसलेल्या गायींपैकी निम्म्याही रवंथ करत नाहीत, असं दिसलं तर पेंड जास्त आणि लांब चारा कमी झाला आहे. सगळ्या शुष्क पदार्थात पेंडीचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. आपल्या उदाहरणात तो ५.४ भागिले १४.८६, म्हणजे ३६ टक्के आहे.

## टप्पा ९: एक किलोची परीक्षा

आता, आणि आताच, बदल करायचा. एका वेळी एकच वस्तू आणि एकच किलो. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तीन आठवडे थांबा आणि शेवटच्या पाच दिवसांचे आकडे धरा.

सरसकट होणारी चूक अशी की बदलाआधीचं आणि नंतरचं दूध सरळ ताडून बघतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात गायीचं दूध महिन्याला आठ-दहा टक्के आपोआप उतरतं. १५ लिटरची गाय काहीही न बदलता तीन आठवड्यांत लिटरभर खाली येऊ शकते. त्यासाठी त्याच गटातली एक गाय न बदलता ठेवा. समजा पेंड न बदललेली गाय १५ वरून १४ वर आली आणि किलोभर पेंड कमी केलेली १५ वरून १३.४ वर. पेंडीमुळे गेलेलं दूध ०.६ लिटर, म्हणजे २०.४० रुपये. पेंडीचे वाचले ३४. फायदा १३.६० दिसतो. पण पेंड कमी झाली म्हणून तिने दीड किलो मुरघास जास्त खाल्ला, म्हणजे ९ रुपये. खरा फायदा ४.६० रुपये. फॅट किंवा एसएनएफ एखाद्या पॉइंटने उतरली तर तोही जाईल.

वाढवतानाही हीच रीत. कागदावर एक किलो गोळी पेंडीच्या ऊर्जेत जवळपास दोन लिटर दूध बसतं. प्रत्यक्षात गाय तेवढा चारा कमी खाते आणि थोडं अंगावर घेते, म्हणून एवढं कधी मिळत नाही. पेंड ३४ आणि दूध ३४ असताना वाढवलेल्या किलोमागे लिटरभरही दूध आलं नाही, तर तो किलो काढून घ्या. पहिल्या शंभर दिवसांतल्या गायीला मात्र हा नियम लावू नका.

थांबा: परीक्षेच्या काळात गाय सुटली, माजावर आली, पाय सुजला किंवा मुरघासाची नवी बॅग उघडली, तर ती परीक्षा रद्द धरून पुन्हा करा.

कोणती वस्तू बदलावी हेच कळत नसेल तर राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या ‘पशु पोषण’ अ‍ॅपमध्ये गायीची माहिती आणि उपलब्ध चारा भरून कमी खर्चाचा संतुलित आहार काढता येतो. त्यात भरायची वजनं आता तुमच्या वहीत तयार आहेत.

## टप्पा १०: भाकड गायी आणि कालवडी मिळवा

दुधातल्या पाच गायींवर रोज १,७०० रुपये, एका भाकड गायीवर १६०, दोन कालवडींवर २००. गोठ्याचं दूध ७० लिटर. नुसत्या दुधातल्या गायी धरल्या तर लिटरमागे २४ रुपये ३० पैसे, सगळा गोठा धरला तर २९ रुपये ४० पैसे. पाच रुपयांचा हा फरक पेंडीच्या दरामुळे पडलेला नाही. गाय १२० दिवस भाकड राहिली, कालवड अडीच वर्षांची होऊनही गाभण नाही, अशा गोष्टींचा तो खर्च आहे. भाकड काळ साठ दिवसांच्या आसपास असावा. त्यापुढचा प्रत्येक दिवस आपल्या उदाहरणात १६० रुपयांचा.

म्हणून लिटरमागचा खर्च जास्त आला तर आधी बघा, तो दुधातल्या गायींमुळे आहे की बाकीच्यांमुळे. बाकीच्यांमुळे असेल तर पेंडीच्या पोत्याला हात लावू नका. व्यालेल्या तारखा आणि रेतनाच्या नोंदी काढून डॉक्टरांना दाखवा.

पूर्ण मोजणी वर्षातून चारदा पुरते: पावसाळी हिरवा चारा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी, दिवाळीनंतर, फेब्रुवारीत आणि ऐन मे महिन्यात. मुरघासाची शंभर ग्रॅमची चाचणी मात्र प्रत्येक नवी बॅग उघडताना करा. चारा-खर्च आणि उरलेले रुपये हे दोन आकडे दर दहा दिवसांच्या पगाराच्या पावतीमागेच लिहून ठेवा.